दाणूच्या मरणाची खबर

उज्जैन
३ जुलै १९९६

चि. सौ. कल्पना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं अंतर्देशीय काल मिळालं. माईंच्या गुडघ्यांवर एक ओळ, ह्यांच्या बदलीवर अर्धी ओळ आणि बाकी अख्खं पत्र पालीवर. "ती पाल अजून घरात आहे का? झाडूने मारून टाका, निहाला सांगू पळून गेली म्हणून." वा! चष्मा पुसून परत वाचलं मी. सासूबाईंची तब्येत विचारायला शाई संपली होती वाटतं.

अगं, ती पाल मी हौसेने नाही आणली. तुझी लेक सुट्टीत आली, तिला मीटरच्या पेटीत दोन अंडी सापडली, शेंगदाण्याएवढी. मीच पहिली ओरडले होते, फेक ते आणि हात धू म्हणून. ऐकते काय ती! माझी पावडरची डबी रिकामी केली, कापूस घातला आणि जाता-येता डोकावून बघत बसली. एक अंडं वाया गेलं. दुसरं तुम्ही तिला न्यायला आलात त्याच्या आदल्या दिवशी फुटलं. 'दाणू' हे नावही तिनेच ठेवलं. गाडी हलली तेव्हा खिडकीतून ओरडून राहिली होती, "काकू, दाणूला पाणी बोटाने पाज, वाटीत ठेवू नको, बुडेल तो!" सगळा प्लॅटफॉर्म माझ्याकडे बघत होता आणि तू मात्र पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होतीस. मी हो म्हटलं. आता हो म्हटलंय तर सांभाळणार.

आणि एक विसरलीस. घरी आलेलं प्रत्येक पत्र मी माईंना वाचून दाखवते. 'झाडूने मारा' हे वाचल्यावर त्यांनी जपमाळ खाली ठेवली. म्हणाल्या, "पाल मारली तर सोन्याची पाल करून दान द्यावी लागते, हे त्या पुणेकरणीला कुणी सांगितलं नाही का?" इथे अधिक महिना चालू आहे, माई रोज सकाळी टेम्पोत बसून रामघाटावर आंघोळीला जातात, आणि घरात मी झाडू घेऊन जीव मारत बसू? हद्द करतेस हं तू.

वर लिहितेस, मुलीला घाणेरड्या सवयी लागतात. मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते कल्पना, विसरली नसशील. त्या शाळेतल्या मुली बेडकाचं चित्र सुद्धा डोळे मिटून काढतात. तुझी दहा वर्षांची पोर जिवंत पिल्लू तळहातावर घेते. ह्याला घाणेरडी सवय म्हणतात होय तुमच्याकडे?

दाणू मजेत आहे. श्रीखंडाच्या डब्यात त्याचा मुक्काम. झाकणाला भोकं पाडली आहेत, खाली माईंच्या भेरूगढी छापाच्या फाटक्या चादरीचा तुकडा घातलाय. एक केळं मुद्दाम सडवते, त्यावर चिलटं येतात, ती तो गट्ट करतो. निहाला हे सगळं मी वेगळं लिहिलंच आहे. ती दर आठवड्याला विचारते, मी दर आठवड्याला उत्तर देते.

अनिलभाऊजींना आशीर्वाद. आमच्या फोनचा नंबर अजून लागलेला नाही.

तुझी,
अहल्यावहिनी

&nbsp;

पुणे
१३ जुलै १९९६

ती. सौ. वहिनींना सा. न.

पत्र मिळालं. माईंचे गुडघे विचारायचे राहिले, चुकलं. इथे सकाळी साडेसातला कंपनीची बस येते. परदेशातल्या साहेबांची सकाळ आपल्या संध्याकाळी होते, म्हणून त्यांच्यासाठी थांबावं लागतं. घरी येईपर्यंत आठ वाजतात. हे पण चाकणला नव्या कारखान्यात, त्यांचंही तेच. निहा गळ्यात किल्ली घालून शाळेतून येते आणि आम्ही येईपर्यंत केबल बघते. मला हे आवडतं असं तुम्हाला वाटत असेल तर असो.

तिच्या वर्गशिक्षिकेने मला बोलावलं होतं. गणिताच्या वहीत गणितं कमी आणि पालीच जास्त. पालीचा पाय, पालीचं डोकं, पालीचा डबा. बाईंनी सगळ्या पालकांसमोर वही उघडून दाखवली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते बघायला गेले होते.

आणि परवा जेवताना ती शांतपणे म्हणाली, "मी उज्जैनलाच राहते. काकूच्या शाळेत जाते. काकू घरी असते." भाजी वाढत होते मी तेव्हा. मी तिची आई आहे वहिनी.

तुम्हाला वेळ आहे, हौस आहे, तुम्ही पालीचे लाड करू शकता. तुम्हाला स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं की सगळे हट्ट पुरवायचे नसतात. राग मानू नका, पण कुणीतरी बोलायला हवं होतं.

कृपा करून निहाला त्या पालीबद्दल लिहिणं बंद करा. हळूहळू विसरेल. माईंना नमस्कार सांगा.

आपली,
कल्पना

&nbsp;

उज्जैन
२२ जुलै १९९६

कल्पना,

आशीर्वाद लिहायचा विसरले नाही. मुद्दाम लिहिलेला नाही.

मला मूल नाही, ही बातमी तू मला पुण्याहून कळवायची गरज नव्हती. ती इथे मला पूर्वीच मिळाली आहे. हळदीकुंकवाला जाते तिथे कुणी ना कुणी देतंच. ओटी भरताना हात जरा थांबतो ना बायकांचा, तो मला दिसतो. पण आजवर आपल्या घरातल्या कुणी ते तोंडावर बोललं नव्हतं. तो मान तू घेतलास. हे पत्र मात्र मी माईंना वाचून दाखवलं नाही. तुझ्यासाठी नाही, त्यांना रडू येईल म्हणून.

आता ज्याच्याबद्दल लिहू नका म्हणतेस, त्याच्याबद्दल लिहिते. दाणू आजारी आहे.

हल्ली संध्याकाळी मी त्याला डब्यातून काढून भिंतीवर सोडत होते. तो चढायचा, आणि धप्पकन पडायचा. पहिल्यांदा पडला तो माईंच्या डाव्या खांद्यावर. झालं! माईंनी नेसत्या लुगड्यानिशी आंघोळ केली, मग पंचांग काढलं. बायकांना डावं चांगलं, म्हणून खुशीत होत्या. दुसऱ्या दिवशी पडला तो उजव्या खांद्यावर. मग मांडीत. मग ताटात. तेव्हा माईंनी पंचांग मिटलं आणि म्हणाल्या, "अहल्ये, हे काही शकुन-अपशकुन सांगून नाही राहिलं. धडधाकट पाल पडली तर त्याला अर्थ. ह्याला धरवतच नाहीये बिचाऱ्याला. आजाऱ्याला उपास नसतो, सोवळं नसतं, तसं आजाऱ्याचं पडणंही धरायचं नसतं." सत्याहत्तर वर्षांच्या बाईला हे कळतं. तुम्ही शिकलेले लोक झाडू शोधता.

शाळेतलं भिंग आणून बघितलं. कात टाकताना बोटांवरची जुनी कातडी निघालीच नाही, तिथेच वाळून आवळून बसली आहे, बोट सुजल्यावर अडकलेल्या अंगठीसारखी. खाणं सोडलं आहे. शेपटी पार सुकली.

गेले ढोरांच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टरने डब्यात बघितलं आणि कंपाउंडरला हाक मारली, "अरे आओ, देखो, मैडम छिपकली लाई हैं!" सगळे गोळा झाले. एक म्हशीवाला सुद्धा हसून राहिला होता, त्याची म्हैस मात्र गंभीर होती. मी म्हटलं, "डॉक्टर साहब, बाहर बोर्ड पर पशु चिकित्सालय लिखा है। ये पशु नहीं है तो क्या आपका जमाई है?" हसणं थांबलं. पण औषध काही मिळालं नाही. "मैडम, ये तो दीवार पर बहुत मिलेंगी, दूसरी ले लो।" दुसरी घ्या! म्हणजे तुझ्यासारखाच सल्ला, फक्त हिंदीतून.

मग माझं मीच ठरवलं. अडकलेली अंगठी काढायला आपण बोट ओलं करतो, तसंच. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस डब्यात, वर झाकण, बाजूला चाळीसचा बल्ब. लाइट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. कातडी मऊ झाली की कान साफ करायच्या काडीने हळूहळू सोडवायची. मागच्या डाव्या पायाचं एक बोट काळं पडलं होतं, ते आज गळालं. मी डबा बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ह्यांनी विचारलं काय झालं, म्हटलं कांदा चिरतेय. कांदा नव्हताच हातात.

माई सारखं म्हणताहेत, "देवासला खोटं पत्र टाकायचं का?" तुला माहीत नसेल, तुझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. रामघाटावर ह्यांच्या डोक्यावर कावळा बसला होता. तेव्हा माईंनी देवासच्या मावशींना पत्र टाकलं, वसंता गेला. अशी मरणाची खोटी खबर धाडायची, कुणीतरी मनापासून रडलं की मरण टळतं, असं जुने लोक मानतात. मावशी ऊर बडवत आल्या, तर हे ओसरीवर बसून पोहे-जलेबी खात होते. मावशींनी आधी मिठी मारली आणि मग पाठीत धपाटा. मी माईंना म्हटलं, माई, मुलासाठी कुणीही रडेल. पालीसाठी कोण रडणार?

निहाला मी सगळं खरं लिहिलं आहे. आजारी आहे, एक बोट गेलं, मी प्रयत्न करतेय. ती विचारते दाणू कसा आहे, तर मी काय 'छान' म्हणून लिहू? मुलांशी मी खोटं बोलत नाही. मला मूल नाही, त्यामुळे ती कला शिकायची राहूनच गेली.

अहल्या

&nbsp;

पुणे
५ ऑगस्ट १९९६

काकू,

आईने मला सांगितलं. तुझं पत्र आईच्या नावाने आलं आणि त्यात लिहिलं होतं की दाणू मेला.

तू मला का नाही लिहिलंस? तो माझा होता. तू मला लिहिलंस की एक बोट गेलं पण तू प्रयत्न करते आहेस. मी रोज देवाला सांगत होते. शाळेच्या ग्रंथालयात पालीवर पुस्तक आहे का विचारलं तर सगळे हसले, तरी मी विचारलं. आणि तू आईला आधी सांगितलंस. मोठी माणसं नेहमी एकमेकांनाच सांगतात. मला वाटलं होतं तू तशी नाहीस.

त्याला कुठे पुरलं ते पण तू सांगितलं नाहीस. का फेकून दिलंस?

त्याला बल्बच्या फार जवळ ठेवलं असशील. नाहीतर पाणी वाटीत ठेवलं असशील. मी सांगितलं होतं.

माझी तुझ्याशी कट्टी आहे. पत्र लिहू नकोस. लिहिलंस तरी मी उघडणार नाही.

निहारिका

&nbsp;

उज्जैन
१३ ऑगस्ट १९९६

कल्पना,

सोबत तुझ्या मुलीच्या पत्राची नक्कल. पूर्ण वाच. आणि ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर काय होतं ते सांगते. दाणू होता. डब्याच्या काठावर बसून चिलट चघळत होता.

जिवंत आहे तो! सगळी कातडी निघाली. सगळ्या बोटांवरून, एक गेलेलं सोडून. शेपटी भरली. परवा भिंतीवर चढला, ट्यूबलाइटपर्यंत गेला, आणि पडला नाही. मी खुर्चीवर उभी राहून खाली ओंजळ धरून होते, हे मला म्हणून राहिले होते की आता तू पडशील. हाच आनंद निहाला लिहायला काल कागद घेतला, आणि तेवढ्यात टपाल आलं.

काय केलंस तू हे? माझ्या नावाने खोटं बोललीस. स्वतःच्या नावाने बोलली असतीस, पाल पळाली, मांजराने खाल्ली, काहीही, तर मी रागावले असते आणि गप्प बसले असते. पण 'काकूने कळवलं' म्हणालीस! ज्या जिवासाठी मी गेला महिना नीट झोपले नाही, तो मी मारला, वाटीत बुडवला, बल्बवर भाजला, आणि वर चोरून तुला कळवलं, असं त्या पोरीला वाटून राहिलं आहे. 'फेकून दिलंस का' असं विचारते ती मला. मला, कल्पना! अंगाची लाही लाही झाली आहे माझी. काल महाकाळाची सवारी होती, दारावरून ढोल-झांजा गेल्या, सगळं शहर रस्त्यावर, आणि मी आतल्या खोलीत हे पत्र हातात धरून बसले होते.

माझ्याजवळ दोनच रस्ते आहेत. खरं सांगावं तर तिची आई तिच्या नजरेतून उतरते. न सांगावं तर मी खुनी. तू मला छान चिमट्यात धरलं आहेस. आणि मी चांगली बाई आहे म्हणून मी गप्प बसेन, असं तुला वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. मी तुझं खोटं माझ्या अंगावर घेणार नाही. एक शब्द घेणार नाही. कोपऱ्यावरच्या पीसीओतून आत्ता फोन केला असता, पण मागे रांग असते आणि घरातलं भांडण मी अख्ख्या फ्रीगंजला ऐकवणार नाही. म्हणून लिहिते. राखीच्या आत तू स्वतः तिला सांग. नाहीतर मी दाणूला डब्यात घालून गाडीत बसते आणि तुमच्या दारात येऊन उभी राहते. तुझ्या साहेबांची सकाळ होऊ दे नाहीतर रात्र.

ह्या वेळी मात्र माईंपासून काही लपवलं नाही. निहाचं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, त्या तरी माझ्या बाजूने चिडतील. तर त्या चक्क टाळ्या पिटून हसायला लागल्या! "अगं, मग म्हणूनच वाचलं ते! आपण देवासला खबर धाडायची म्हणत होतो, कल्पनाने पुण्यालाच धाडली. पोर रडली असेल, मरण टळलं. गुणाची गं माझी धाकटी!" ऐकलंस? खोटं बोललीस तू, हात मी भाजून घेतले, आणि गुणाची तू. मी रागाने कालपासून माईंच्या चहात आलं घातलेलं नाही.

त्यांनी निहासाठी स्वतः चिठ्ठी लिहिली आहे, ती पाठवते. दे किंवा फाड. तुझा निर्णय.

अहल्या

(सोबतची चिठ्ठी)

चि. निहारिका हिस माईआजीचा आशीर्वाद. बाळ, दाणू जिवंत आहे. मी डोळ्यांनी बघते आहे, आत्ता देवाच्या फोटोमागे गेला. आपल्याकडे अशी रीत आहे की कुणावर संकट आलं की तो मेला अशी खोटी खबर पाठवायची. ज्याची माया असते तो रडतो आणि त्या रडण्याने आयुष्य वाढतं. तुझ्या काकाचं असंच वाढलं. ज्याला खबर द्यायची त्याला आधी सांगायचं नसतं, नाहीतर रडणं खोटं होतं. म्हणून तुला सांगितलं नाही. आईवर रागावू नकोस, काकूवर तर मुळीच नको. तू रडलीस म्हणून तो वाचला. जास्त लिहवत नाही.

&nbsp;

पुणे
२३ ऑगस्ट १९९६

ती. सौ. वहिनींना सा. न.

तुमच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य मला लागलं. तुम्ही ते लागावं म्हणूनच लिहिलं होतं, तेव्हा काम झालं.

मी सांगितलं तिला. माईंची चिठ्ठी आधी दिली नाही. ती दिली असती तर मी फार सहज सुटले असते, आणि मग तुम्ही मला जन्मभर ऐकवलं असतं. आधी मी म्हटलं, निहा, मी खोटं बोलले, काकूने असं काही लिहिलं नव्हतं. मग चिठ्ठी दिली. तिने ती वाचली, घडी केली आणि दप्तरात ठेवली. माझ्याशी बोललेली नाही.

तुम्ही विचारलंत, काय केलंस हे. सांगते, पटणार नाही तुम्हाला. दाणूचं बोट गळाल्याचं तुमचं पत्र आल्यापासून ती सकाळ-संध्याकाळ एकच विचारायची, वाचेल ना गं? मला काय माहीत! मी आठ वाजता घरी यायची, दार उघडायची, आणि ती "आई" म्हणायच्या आधी "काकूचं पत्र आलं का" म्हणायची. रोज. एक दिवस सुद्धा चुकली नाही. त्या संध्याकाळी मी बुटाचे बंद सोडत होते आणि तोंडातून निघून गेलं, 'पत्र आलं होतं, दाणू गेला.' मला वाटलं, मुलं रडली की आईकडे येतात. एकदा मनसोक्त रडेल, मी तिला जवळ घेईन, आणि ते सगळं संपेल. ती आलीच नाही. खोलीचं दार लावून घेतलं.

'तुम्हाला मूल असतं तर' हे मी लिहायला नको होतं. मला मूल असून काय कळलं ते बघताच आहात. पण वहिनी, तुम्हीही एकदा लिहा ना की तिला आईकडेच राहा म्हणून. ते एक वाक्य तुमच्या एकाही पत्रात नाही. मी सगळी वाचली आहेत. हो, तिची पण वाचली आहेत.

दाणू वाचला हे बरं झालं. मनापासून म्हणते आहे.

कल्पना

&nbsp;

पुणे
२४ ऑगस्ट १९९६

प्रिय काकू आणि प्रिय माईआजी,

मी तुमच्या सगळ्यांवर रागावले आहे. आईवर सगळ्यात जास्त, मग माईआजीवर, मग काकूवर थोडी. काकूवर का ते मलाच माहीत नाही. बहुतेक मी तुला वाईट बोलले म्हणून. कट्टी संपली. पण रीत असली तरी माझ्या दाणूवर मला न विचारता ती करायची नाही.

काकू, तो खरंच तोच आहे ना? दुसरी पाल पकडून आणली नाहीस ना? मागच्या डाव्या पायाचं बोट मोज आणि लिही. आणि त्याला डब्यात ठेवू नकोस आता. भिंतीवर राहू दे. मी आले की बोटावरून ओळखेन.

माईआजी, मला तुला एक विचारायचं आहे. महत्त्वाचं आहे. तू लिहिलं आहेस की मी रडले म्हणून दाणू वाचला. पण मी रडले नव्हते. मला इतका राग आला होता की रडूच आलं नाही. मी दार लावून भिंतीकडे बघत बसले होते. पण आई रडत होती. बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती, बराच वेळ, मला ऐकू येत होतं. बाबा आले तेव्हा तिने त्यांना सांगितलं की डोळ्यात साबण गेला.

दाणू जिवंत आहे हे आईला माहीत होतं, तरी ती रडत होती. मग कशाला रडत होती?

आणि आई रडली तर ते चालतं का? नाहीतर दाणूवर अजून संकट असेल. लवकर कळव.

तुझी,
निहा

&nbsp;

(कार्ड)

उज्जैन
१ सप्टेंबर १९९६

चि. निहारिकास अनेक आशीर्वाद. दाणू तोच आहे. मागचा डावा पाय, चार बोटं. खुर्चीवर चढून मोजली, तो वाकड्या नजरेने बघत होता. तू सांगितलंस तसं भिंतीवर सोडला आहे. रात्री ट्यूबलाइटपाशी येतो.

माईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, लिही, चालतं. आईचं चालतंच.

ह्या कार्डाचा खालचा भाग तुझ्या आईसाठी आहे. तिला वाचायला दे. तसंही ती वाचतेच.

चि. सौ. कल्पना हिस अनेक आशीर्वाद. दाणू तुझ्या रडण्याने वाचला असं माईंनी जाहीर केलं आहे, शेजारीपाजारी सुद्धा सांगून झालं. मला हे बिल्कुल मान्य नाही. तो कापसाने आणि माझ्या जागरणाने वाचला. माझा राग गेलेला नाही, हे लक्षात ठेव. तू म्हणतेस ते वाक्य खरंच माझ्या एकाही पत्रात नव्हतं. का नव्हतं ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. तर आता लिहिते, आणि निहा, तू पण वाच: मुलीने आईकडेच राहावं. सुट्टीत काकूकडे यावं.

आणि दिवाळीला निहाला एकटीला पाठवायचं नाही. तू पण यायचंस. साहेबांची सकाळ असो की मध्यरात्र, रजा मिळत नाही असं मला लिहू नकोस. नळ सोडून रडायला पुण्यात राहू नकोस. इथे नळाला पाणी दिवसाआड येतं, इथे उघड्यावर रडावं लागतं.

अहल्यावहिनी